पाय मोडलेला न

एखादी गोष्ट 'झाली' असं तुम्हाला सांगितलं, तर ती कुणी केली हे तुम्ही विचारता का? खरं सांगा. भाव वाढले. पोरगं शाळेतून गळलं. जमीन गेली. गेली म्हणजे काय, तिला पाय फुटले? तुम्ही मान हलवता, मीही हलवते, आणि आपण पुढे चालायला लागतो.

आमच्या शेजारच्या बाई चालायला लागत नसत. त्या जागच्या जागी उभ्या राहायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि विचारायच्या, "कुणी केलंन्?"

त्यातल्या शेवटच्या न् कडे लक्ष द्या. आमच्या रत्नागिरीकडे 'त्यानं केलं' म्हणत नाहीत, 'त्यानं केलंन्' म्हणतात. दिलंन्, सांगितलंन्, बुडवलंन्. देशावरच्या लोकांना त्याचं हसू येतं. बाई पुण्याला बी.एड. करत होत्या तेव्हा होस्टेलच्या मुली त्यांच्या बोलण्याची नक्कल करायच्या. दुसरी कुणी असती तर महिन्याभरात पुणेरी बोलायला लागली असती. बाईंनी न् सोडला तर नाहीच, त्यातून एक सिद्धान्तच काढला.

"अगो, बघ," त्या मला म्हणायच्या, "पाऊस पडला. ह्याला न् लागत नाही. आंबा पिकला, लागत नाही. पण घर पाडलंन्, ह्याला लागतो. करणारा असला की मागून न् येतो. शेपूट आहे ती त्याची. घरात कितीही लपू दे, शेपूट दाराबाहेर राहते."

आणि मग हवेत बोटाने न काढून त्याचा पाय मोडायच्या. झटक्यात, एखादी काडी मोडावी तसा.

बाई मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत. लग्न केलेलं नव्हतं. आमच्या आणि त्यांच्या परसात एक जांभ्या दगडाचा कमरेइतका गडगा होता. त्या गडग्याच्या अलीकडे मी वाढले आणि पलीकडे मला अक्कल आली. माझे वडील मुंबईला गिरणीत होते. गावी येताना त्यांच्या ट्रंकेत कपडे कमी आणि युनियनची पत्रकं जास्त असत. आई ती फळीवर डब्यांखाली अंथरायची. मी वाचायला शिकले ती त्या डब्यांखालून डोकावणाऱ्या ओळींवर. 'कमळ', 'बदक' वगैरे नंतर आलं. मला आधी 'कामगारांनो' वाचता आलं.

पुढे मी स्वतः पत्रकं लिहायला लागले. स्टेन्सिल कापायची, सायक्लोस्टाइल करायची, शाईचे हात तसेच घेऊन गडग्यावरून एक प्रत बाईंना द्यायची. पत्रकाच्या डोक्यावर मी नेहमी एक चित्र काढत असे. उंच टोपी, तोंडात चिरूट, भलं मोठं पोट. खाली नाव, 'भांडवलदार'.

बाई चित्र बराच वेळ बघायच्या.

"हा जाड्या राहतो कुठे गो?"

"बाई, ते प्रतीक आहे."

"हो, पण पत्ता दे ना. संध्याकाळी पाय मोकळे करायला जातेच मी. भेटून येते."

मला राग यायचा. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची होते आणि मला पोट असलेला शत्रू हवा होता.

रत्नागिरीत तेव्हा आमचं एक चित्रपट मंडळ होतं. मंडळ म्हणजे दोन वकील, एक दातांचे डॉक्टर, कॉलेजातले काही प्राध्यापक, बाई, मी आणि फुकट आहे म्हणून येणारे इतर. महिन्यातून एकदा मुंबईहून परदेशी सिनेमाचे पत्र्याचे डबे एस.टी.च्या टपावरून यायचे. एकदा ते चुकून मंडणगडला उतरले, आणि तिथल्या कंट्रोलरने तुपाचे डबे समजून ते सावलीत ठेवले, ही आमच्या मंडळाच्या इतिहासातली सर्वांत थरारक घटना. शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना घोंगड्या लावायच्या, भिंतीवर चादर ताणायची, आणि सिनेमा सुरू. पात्रं कुठल्याकुठल्या भाषांत बोलायची. खाली इंग्रजी अक्षरं यायची ती पळतच. ती वाचून मराठीत सांगायचं काम बाईंचं.

पडद्याशेजारी त्यांच्यासाठी दर वेळी खुर्ची ठेवलेली असे. दर वेळी बाई ती पायाने बाजूला सरकवत. माईकवर टिचकी मारत, आणि उभ्याने सांगायला लागत.

"बाई, बसा की. दोन तासांचा आहे."

"नको. एकदा बसलं की बसलंच."

त्यांचं सांगणं ऐकायला मजा यायची. "हा म्हणतोय, चहा घे. ती म्हणते, नको. मनात आहे, पण नको." "हा शिवी देतोय. शाळेचा हॉल आहे, तुम्ही समजून घ्या." आणि अधूनमधून, पडद्यावर काही भलतं झालं की, चष्मा कपाळावर चढायचा. "पुस्तकात हे असं नाही हां."

कारण बाईंनी पुस्तक वाचलेलं असायचं. विशेषतः एका जातीची पुस्तकं त्या शोधून शोधून वाचत. उद्याचा एखादा देश, तिथे सगळं शिस्तीत, रस्ते स्वच्छ, लोक आज्ञाधारक, आणि वाचणाऱ्याचा श्वास कोंडतो. बाई त्यांना 'उलट्या रामराज्याच्या गोष्टी' म्हणत. अशा गोष्टींवरचे सिनेमे त्या काळात बरेच निघाले होते आणि आमच्याकडे दोन-तीन आले.

पहिला होता तो मनोऱ्याचा. त्या देशात प्रत्येक घराला एकच खिडकी ठेवायची परवानगी, आणि ती सरकारी मनोऱ्याच्या दिशेनेच हवी. सिनेमा रंगीत होता. मनोरा उन्हात असा झळकायचा, की बघत राहावं. मध्यंतरात माझ्या पुढे बसलेले एक बांधकामवाले गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "स्लॅब बघितलात? काय काम आहे!"

बाईंनी ते ऐकलं. नंतर घोंगड्या काढताना मला म्हणाल्या, "पुस्तकात तो मनोरा एकदाही दिसत नाही. फक्त जेवताना ताटात त्याची सावली पडते. भातावर. मला चार दिवस जेवण गेलं नव्हतं. आणि ह्यानं बघ काय नटवलंन् त्याला! आता लोक घरी जाऊन म्हणतील, आपल्याकडे का नाही असा मनोरा?"

पण बाई पुस्तकाच्या अंध भक्त होत्या असं समजू नका. दुसरा सिनेमा आला तो भुकेच्या देशाचा. त्याच्या पुस्तकात भुकेवर प्रकरणंच्या प्रकरणं भाषण आहे म्हणे. सिनेमात भाषण नव्हतं. बर्फात बुटांची एक लांब रांग होती. नुसते बूट. माणसं आडोशाला बसलेली, आणि पाव मिळायच्या खिडकीकडे बूट एकेक पाऊल पुढे सरकवणारी एक म्हातारी. आमच्याकडे रॉकेलच्या रांगेत डबे ठेवतात तसे. बाईंकडे सांगायला काही नव्हतं, कारण पडद्यावर कुणी बोलतच नव्हतं. त्या माईक खाली धरून उभ्या होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "हे मात्र पुस्तकापेक्षा बरं केलंन्."

तिसरा सिनेमा आला नसता तर बरं झालं असतं.

त्या पुस्तकाबद्दल बाई मला वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या. सुपात कुळीथ पाखडताना, गडग्यावर कपडे वाळत घालताना. त्यांच्या मते ते उलट्या रामराज्याचं सगळ्यांत खरं पुस्तक. त्यात एक किनाऱ्यावरचं गाव आहे. एके दिवशी गाव हलवतात. कुणी हलवलं ते कळत नाही. कागदावर फक्त 'हलवण्यात आले' असं आहे. त्या गावचा एक शिक्षक हुकूम कुणी दिला ते शोधत राजधानीत जातो. मोठी कचेरी. पहिल्या मजल्यावरचा सांगतो, वरून आलं. दुसऱ्यावरचा सांगतो, वरून आलं. सगळे भले लोक. चहा विचारतात, आईची चौकशी करतात. चढून चढून तो शेवटच्या दारापाशी पोचतो. दार उघडतो. आत एक रिकामी खुर्ची.

"मग?" मी दर वेळी विचारायची.

"मग काय. बिचारा इतके जिने चढलेला. पाय दुखत असतात. बसतो."

"आणि?"

"दुसऱ्या दिवशी हुकूम निघतो. दुसरं गाव हलतं. खालच्या मजल्यावर म्हणतात, वरून आलं."

इतकं सांगून बाई सूप आपटायच्या आणि कोंडा माझ्या अंगावर उडायचा.

आता जमिनीचं सांगते. बाईंचं मूळ घर पूर्णगडाच्या वाटेवर आत, एका वाडीत होतं. शेतकऱ्याचं घर. वाडीतली बरीचशी पुरुषमाणसं मुंबईला, आणि मागे बायका, म्हातारे, गुरं. खाली भाताची खाचरं, उतारावर नाचणी, कुळीथ आणि काजू, वर सडा. सडा म्हणजे कातळाचं उघडं माळरान. शहरातल्या माणसाला तो ओसाड वाटतो. वाडीला गवत, गुरांची चरण आणि पावसाळ्यातली रानभाजी तिथूनच मिळे. वाडीत बाईंना सगळे 'अक्का' म्हणत, कारण तिथून शिकून बाहेर पडलेली ती पहिली मुलगी. धाकटा भाऊ शेती बघायचा. दर वर्षी त्याच्याकडून घरच्या कुळथाचं पीठ यायचं आणि त्यातलं वाटीभर गडग्यावरून आमच्याकडे.

त्या सड्यावर आणि उतारावर कारखाना आणायचं ठरलं. बघा, मीसुद्धा 'ठरलं' लिहिलं. ते कुणी ठरवलंन् हे मला आजही सांगता येत नाही, आणि तोच ह्या सगळ्या लिहिण्याचा विषय आहे. देवळाच्या भिंतीवर कागद लागला, की सदर जमिनी घेण्याचे योजिले आहे आणि लवकरच अधिकारी येऊन लोकांची संमती विचारतील. संमती दिली नाही तर वाडीला भांडायला जागा होती. दिली, की संपलं.

मी पत्रकं छापली. बाईंनी भावाला समजावलंन्. भाऊ म्हणाला, "बघू."

नेमका त्याच महिन्यात मंडळाकडे त्या पुस्तकावरचा सिनेमा आला. बाईंचे डोळे असे चमकले की मी तशा त्या कधीच पाहिल्या नव्हत्या. "हा गावात दाखवायचा," त्या म्हणाल्या. "रिकामी खुर्ची बघू देत त्यांना. मग कोण येतोय त्याला नीट विचारतील."

दातांच्या डॉक्टरांनी जनरेटर मिळवून दिला. डबे दुसऱ्याच दिवशी परत जायचे होते, त्यामुळे सिनेमा आधी कुणी पाहिलेला नव्हता. आम्ही दिवेलागणीला देवळापुढे चादर बांधली. गाव लोटलं होतं. मुंबईहून सुटीवर आलेले चाकरमानी पुढे. खुर्ची बाईंनी नेहमीसारखी पायाने सरकवली, आणि आपल्या वाडीच्या अंगणात, आपल्या वाडीच्या बोलीत त्या सांगायला लागल्या.

इतकं चांगलं त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. परदेशातलं ते गाव बघता बघता आमचं झालं. शिक्षक जिने चढायला लागला आणि दर मजल्यावर बाई विचारत, "कुणी केलंन्?" तेव्हा तिसऱ्या मजल्यापासून पोरंबाळं त्यांच्याबरोबर ओरडायला लागली, "कुणी केलंन्?" मी अंधारात उभी होते आणि मला वाटलं, पत्रक म्हणजे हे. कागदाशिवायचं.

शिक्षक शेवटच्या दारापाशी आला. दार उघडलं.

खुर्चीत एक माणूस होता.

जाडा. गालावर व्रण. तोंडात चिरूट. माझ्या पत्रकातून उठून गेल्यासारखा. तो हसला, गडगडाट करून, आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. बाईंचा चष्मा कपाळावर गेला. त्या पडद्याकडे बघत राहिल्या. खाली इंग्रजी अक्षरं येत होती, जात होती, आणि माईकवर नुसती जनरेटरची घरघर.

"अक्का, काय म्हणतोय ता सांग ना!"

"हे..." बाई म्हणाल्या, "पुस्तकात हे असं नाही."

पडद्यावर मारामारी सुरू झाली. शिक्षकाने जाड्याला खिडकीतून खाली टाकला. वाद्यं वाजली, झेंडे हलले, गावकरी आपल्या किनाऱ्यावर परत आले. देवळापुढे टाळ्यांचा कडकडाट.

बाई माईकमध्ये ओरडत होत्या, "थांबा. ऐका. पुस्तकात हा माणूस नाहीच आहे. खुर्ची रिकामी आहे. कुणी नसतो तिथे! पैसेवाल्यांनी शेवट बदललान् हो!"

मुंबईचा एक चाकरमानी हसत उठला. "अक्का, पिक्चरचा मुडदा पाडू नको गो. मेला ना तो?"

भाऊ मोठ्या प्रेमाने म्हणाला, "मेला, मग झालं. चल, भात थंड होतोय."

परतताना टेम्पोत बाई डब्यांना टेकून उभ्याच होत्या. मी म्हटलं, "निदान लोक पेटले तरी." बाई म्हणाल्या, "पेटले नाहीत गो. विझवलंन् त्यांना. आता हे जाड्याची वाट बघत बसतील."

तुम्हीच सांगा, बाईंचं कुठे चुकलं?

अधिकारी आला तो जाडा नव्हता. तिशीतला, सडपातळ, नम्र. वाडीत शिरताना चपला काढल्यान्. म्हाताऱ्यांच्या पाया पडला. कोकम सरबत मागून दुसऱ्यांदा प्यायला. कुणाच्या तरी सुनेला बरं नव्हतं, तिला आपल्या जीपमधून सरकारी दवाखान्यात पाठवलंन्. मी पत्रकं घेऊन उभी होते, आणि त्याने एक प्रत माझ्याकडून मागून घेतली आणि घडी करून खिशात ठेवली. चित्रातला जाड्या त्याच्या छातीशी.

बाईंनी विचारलं, "जमीन घ्यायचं कुणी ठरवलंन्?"

"बाई, मी फक्त सांगायला आलोय," तो म्हणाला. आणि ते खरं होतं! त्याचाच मला सर्वांत जास्त संताप येतो.

"हा कसला गो वाईट?" वाडीतल्या बायका म्हणाल्या. "देवमाणूस हाय." संमतीच्या कागदांवर अंगठे उठले. भावाने सही केलीन्. मुलाला कारखान्यात चिकटवतील असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

इथे गोष्ट थांबली असती तरी पुरे होती. पण नशिबालाही अधूनमधून सिनेमावाल्यांसारखी अवदसा आठवते.

जमीन घेतल्याची नोटीस काढायची होती. मसुदा इंग्रजीत होता, आणि तालुक्यात त्याचं चांगलं मराठी करणारं माणूस एकच. कार्यालयातून मुख्याध्यापकांना सांगणं आलं, मुख्याध्यापकांनी बाईंना सांगितलं. मी म्हटलं, नाही म्हणा. बाईंनी डोक्यात वेगळंच घेतलंन् होतं.

"निदान मराठी तरी खरं होऊ दे. मी लिहिते बघ कशी नोटीस."

त्यांनी लिहिलेली मी वाचली. तशी सरकारी नोटीस महाराष्ट्रात दुसरी नसेल. 'सरकारने तुमची जमीन घेतलीन् आहे. ती घ्यायचा हुकूम अमुक अधिकाऱ्याने दिलान्', आणि 'अमुक'च्या जागी मोकळी जागा सोडून समासात टीप, की कृपया येथे नाव घालावे. मी पोट धरधरून हसले. बाईही हसल्या. इतक्या दिवसांनी हसल्या. आम्हाला वाटलं, शेपूट सापडली.

देवळाच्या भिंतीवर नोटीस लागली ती अशी. 'सदर जमिनी संपादित करण्यात आल्या आहेत.' एकही न् नाही. खाली सही होती, पण तिचं कुठलंच अक्षर लागत नव्हतं.

आणि वाडीत एवढंच पोचलं, की नोटिशीचं मराठी अक्कानं केलंन्.

भाऊ आला तेव्हा मी परसात होते. तो अंगणात शिरला नाही. गडग्याशी, आमच्या बाजूला उभा राहिला.

"अक्का, नोटीस तू लिवलीस?"

"लिहिली होती. ही नव्हे."

"म्हंजे लिवलीस."

"अरे, मी लिहिलं होतं जमीन कुणी घेतलीन् ते. ते काढून टाकलं रे."

"कुणी काढलंन्?"

बाईंनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे बघत होते. आयुष्यभर तो प्रश्न दुसऱ्याला विचारलेली बाई, आणि तिच्या तोंडात एकही नाव नव्हतं.

"तुला म्हाईत नाय," भाऊ म्हणाला. "मला म्हाईत हाय. वाडीत पोरंसुदा सांगतात. अक्कानं जमीन घालवलीन्."

त्याने न् अगदी स्पष्ट म्हटला. लोकांना खुर्चीत माणूस हवा होता. मिळाला.

दुसऱ्या दिवशी बाई कार्यालयात गेल्या. मी बरोबर होते. खालच्या मजल्यावरच्या टायपिस्टने सांगितलं, मला मसुदा असाच आला. त्याच्या वरच्या कारकुनाने खुर्ची पुढे केली, बाईंनी ती पायाने सरकवली, आणि तो म्हणाला, भाषा ठरलेली असते बाई, आपली काय हिंमत बदलायची. त्याची मुलगी बाईंच्या वर्गात होती. इंग्रजीत पहिली आलेली. त्याने तिच्याबद्दल आभार मानले. पुढच्या खोलीतल्या साहेबांनी चहा मागवला. ते म्हणाले, वरून आलं.

बाईंचे गुडघे तेव्हा दुखायला लागले होते. जिन्याच्या कठड्याला धरून त्या चढल्या. शेवटची खोली. शिपायाने दार उघडलं.

"साहेबांची बदली झाली. नवे अजून यायचे आहेत," तो म्हणाला. मग बाईंच्या पायांकडे बघून, कनवाळूपणे, "बसा हो बाई. कुणी नाही आहे."

खोलीत खुर्ची एकच होती. टेबलामागे, पाठीला पांढरा टॉवेल लावलेली.

बाई बसल्या.

त्यांना खुर्चीत बसलेलं मी इतक्या वर्षांत प्रथमच पाहिलं. हात खुर्चीच्या हातांवर ठेवले, टॉवेलाला डोकं टेकलं, आणि खिडकीतून दिसणाऱ्या कौलांकडे बघत राहिल्या. चष्मा कपाळावर गेला नाही. मग मला म्हणाल्या, अगदी वर्गात उत्तर तपासावं तशा आवाजात,

"पुस्तकात हे असंच आहे."

त्यानंतर बाई मंडळात आल्या नाहीत. मंडळही फार टिकलं नाही. बाजारात व्हिडिओ आला, सायकलच्या दुकानामागे पार्लर निघालं. जिने चढणाऱ्या शिक्षकाचा तो सिनेमा तिथेही येऊन गेला. शेजारी उभं राहून सांगणारं कुणी नव्हतं. जाड्या पडला की आतून टाळ्या यायच्या, त्या रस्त्यावर ऐकू येत.

कुळथाचं पीठ येणं बंद झालं. बाई परसदारी खुर्ची टाकून बसायला लागल्या. मी नवीन पत्रक दिलं की घेत, वाचत, परत देत. मी जाड्या काढायचा सोडला होता. त्या जागी काय काढावं हे मला सुचत नव्हतं, म्हणून ती जागा कोरी असायची. बाईंनी एकदा त्या कोऱ्या चौकोनावर बोट ठेवलंन् आणि म्हणाल्या, "हे बरोबर आलंय." ती त्यांनी केलेली शेवटची स्तुती. मला ती नको होती.

त्या गेल्या तेव्हा शाळेच्या फळ्यावर लिहिलं होतं, 'दुःखद निधन झाले.' तिथे न् लागत नाही, मला माहीत आहे. तरी मी फळ्यापुढे उभी राहिले. वाडीतून कुणी आलं नाही. तेराव्याला सकाळी गडग्यावर एक पिशवी ठेवलेली दिसली. कुळथाचं पीठ. आईने हुंगून सांगितलं, घरचं नाही, बाजारचं आहे. भावाकडे आता घरचं कुठून असणार?

कारखाना आलाच नाही. तारेचं कुंपण आलं आणि तिथेच थांबलं. आत गवत वाढतं, वाळतं, त्याला गुरं लागत नाहीत. तारेवर पत्र्याची पाटी आहे, 'आत येण्यास मनाई करण्यात आली आहे.' मागच्या महिन्यात मी तिच्याखाली कोळशाने दोन शब्द लिहून आले. पावसात ते धुऊन जातील. मी एकटी किती वेळा जाणार?

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या गावात, कचेरीत, देवळाच्या भिंतीवर, कुठेही 'करण्यात आले आहे' वाचलंत, तर पुढे जाऊ नका. खिशात पेन्सिल असेल, नाहीतर चुलीतला कोळसा असेल. त्या ओळीखाली लिहा, कुणी केलंन्? लिहिताना बसू नका. आणि शेवटच्या न चा पाय मोडायला विसरू नका.